चिपाडातलं चंदन

विद्यापीठाच्या गेटवरच्या वॉचमननं अप्पांना पोतं सोडायला लावलं होतं. ऋतुजा धापा टाकत पोचली तेव्हा तिचे वडील रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून सुतळीची गाठ दातांनी सोडवत होते आणि वॉचमन कमरेवर हात ठेवून वाकून पाहत होता. पोत्यात उसाच्या चिपाडाचा भुसा होता. ऊस पिळून झाल्यावर कारखान्यात जो उरतो आणि बॉयलरमध्ये जळून जातो, तो.

कुठून आणलं म्हणून वॉचमननं विचारलं.

"किल्लारीकडनं," अप्पा म्हणाले. "लेकीनं सांगितलं होतं."

ऋतुजानं ओळखपत्र दाखवलं, प्रयोगशाळेसाठी मागवलंय असं सांगितलं. नांदेडात भुसा मिळत नाही का, असं म्हणून वॉचमन हसला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी गाठ पुन्हा मारली, पोतं खांद्यावर घेतलं आणि तिला हात लावू दिला नाही. चालता चालता त्रोटकपणे सांगत गेले. लातूरला कंडक्टर पोतं आत घेईना. शेवटी त्याला म्हणाले, तिकीट काढतो पोत्याचं, पण खाली ठेवून जाणार नाही. मग अहमदपूर, लोहा करत नांदेडपर्यंत पोतं दोन्ही गुडघ्यांत धरून ते बसून आले होते.

विरूपाक्ष अप्पा कारखान्यात बॉयलरवर होते. हंगामी कामगार. गाळप सुरू झालं की चार-पाच महिने काम, एरवी शेती. आयुष्यभर त्यांनी हा भुसा बॉयलरच्या तोंडात ढकलला होता. तो कुणाला खाऊ घालायचा असतो हे त्यांनी लेकीकडूनच पहिल्यांदा ऐकलं. फोनवर ऋतुजा एवढंच म्हणाली होती, की एक खमीर आहे, त्याला यातली साखर काढून घालायची, मग ते झाडातलं एक द्रव्य तयार करतं. आधी अर्धापूरच्या केळीची टाकून दिलेली खोडं वापरून पाहिली, पण त्यांतून साखर कमी निघते. म्हणून भुसा हवा.

कुठल्या झाडातलं, हे अप्पांनी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. त्यांच्या घरात त्या झाडाचं नाव कुणी घेत नव्हतं.

भूकंपात पडलेल्या जुन्या गावठाणाला लागून त्यांचं शेत होतं. ऋतुजा शाळेत असताना अप्पांनी तिथं बांधाच्या कडेनं चंदन लावलं. चंदनाचं रोप एकट्यानं जगत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना धरून वाढतात. म्हणून अप्पांनी प्रत्येक रोपाजवळ तूर टोकली होती. ऋतुजा आणि तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मृत्युंजय, दोघं बहीण-भाऊ विहिरीवरून कळशीनं पाणी आणून घालायचे. पुढं ऋतुजा शिकायला लातूरला गेली. मृत्युंजय आयटीआय करून गावातच राहिला. मोटारी दुरुस्त करायचा, अप्पांबरोबर शेत बघायचा. झाडं वाढली, आणि वाढली तशी चोरांच्या नजरेत आली. ते दिवसा येऊन खोडाला बारीक भोक पाडून गाभा भरला की नाही ते बघून जायचे. पहिलं झाड गेल्यावर बापलेक आळीपाळीनं राखणीला जाऊ लागले.

त्या रात्री पाळी मृत्युंजयची होती. सकाळी अप्पा चहाची किटली घेऊन शेतात गेले तेव्हा तीन झाडांच्या जागी बुडखे होते आणि मृत्युंजय तुरीच्या ओळीत पडलेला होता. डोक्यात मार होता. अंगावरची रग तशीच होती.

त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला, आणि उरलेल्या चंदनांच्या जवळच त्याला बसवून मातीआड केलं. पुढं दोन चोर सापडले, एक सापडला नाही. त्यानंतर अप्पा घरी झोपले नाहीत. कारखान्याची पाळी संपली की परस्पर शेतात. उन्हाळा असो, पाऊस असो, पत्र्याच्या खोपीत. गावात लोक म्हणत, पोरगं गेलं तरी माणसाचा जीव झाडातच अडकलाय. ऋतुजालाही तसंच वाटायचं. आई, म्हणजे अव्वा, घरात एकटी जेवते, एकटी झोपते, आणि अप्पा मात्र लाकडं राखत बसतात, याचा तिला राग यायचा. त्या रागातच ती नांदेडला पीएच.डी.ला आली. मार्गदर्शकांनी सुचवलेला विषय वेगळा होता. तिनं हा मागून घेतला. चंदनाचा वास झाडाशिवाय तयार करता आला, तर झाडाला कोण विचारेल? आणि झाडाला कुणी विचारलं नाही, तर अप्पा घरी येतील.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज तिचा बेत साधा होता. पोतं विभागात ठेवायचं, अप्पांना कँटीनमध्ये जेवू घालायचं आणि दुपारच्या गाडीत बसवून द्यायचं. पण विभागाच्या पायऱ्यांवरच आनंदराज सर भेटले. तिचे मार्गदर्शक. मोकळा माणूस. भाऊ गेला एवढं त्यांना ठाऊक होतं, कसा गेला ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पोत्याचं दुसरं टोक स्वतः धरलं आणि अप्पांना आग्रहानं प्रयोगशाळेतच चहाला घेऊन गेले.

आत आंबलेल्या पिठासारखा वास होता. एका यंत्रावर काचेचा चंबू एका लयीत गरगरत होता, त्यात मळकट ताकासारखं पाणी. अप्पा स्टुलावर अंग चोरून बसले.

सर बोलत राहिले. हे खमीर म्हणजे वेगळं काही नाही, पावात असतं, दारूत असतं, तेच. फक्त ऋतुजानं चंदनाच्या झाडातला द्रव्य बनवायचा गुण उचलून याच्या अंगात घातला. भुशातली साखर मोकळी करून याला दिली की हे ती खातं, आणि झाड जे पंधरा-वीस वर्षं मातीत उभं राहून करतं ते हे चार-सहा दिवसांत करायला लागतं. वर तेलासारखा पातळ थर सोडलेला असतो, त्यात ते उतरतं.

"तुमच्या लेकीनं उसाच्या भुशातून चंदन काढलंय, अप्पा," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरं कौतुक होतं.

ऋतुजा हातात कप घेऊन तशीच उभी राहिली.

सरांनी टीपकागदाची एक पट्टी थरात बुडवली, जरा वाळू दिली आणि अप्पांपुढं धरली. अप्पांनी ती घेतली. नाकाशी नेली. डोळे मिटले नाहीत, काही नाही, नुसते हुंगत राहिले. मग त्यांनी विचारलं, "किती निघतंय ह्ये?"

"सध्या चिमटीभरसुद्धा नाही," सर म्हणाले. "पण एकदा जमलं की मोठ्या टाक्यांत करता येईल. मग झाड तोडायची गरज उरणार नाही."

"मग झाडाला भाव न्हाई राहायचा."

"आज-उद्या नाही. पण हळूहळू, हो."

अप्पांनी मान डोलावली. पट्टी टेबलावर ठेवताना ती ओल्या जागी पडणार नाही असं बघून ठेवली. चहा संपवला, चांगला झालाय म्हणाले, सरांना हात जोडले.

कँटीनमध्ये त्यांनी एक चपाती खाल्ली, दुसरी परत केली. स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत दोघं बाकावर बसली होती. शेजारी एक बाई पोराला केळं सोलून देत होती.

"ह्ये कवापासून करायलीस?" अप्पांनी विचारलं.

"मृत्युंजय गेला त्याच्या पुढच्या साली आले ना मी नांदेडला. तेव्हापासून."

"मला सांगायचं व्हतंस आधी. पोतं गुडघ्यांत धरून आलो मी."

तिनं मान खाली घातली. त्यांच्या आवाजात राग असता तर तिला सोपं गेलं असतं. ते पुढं इतकं हळू बोलले की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल.

"भुशातनं निघतंय त्ये. रोज टनानं जाळलंय मी. मग माझं लेकरू कशापायी गेलं गं, बाई?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं. म्हणूनच केलं, अप्पा. आणखी कुणाचं जाऊ नये म्हणून, तुम्ही घरी यावं म्हणून. कितीतरी वेळा तिनं ते मनात घोळवलं होतं, अगदी शब्दांसकट. आता त्यांच्या प्रश्नापुढं ते उत्तर शाळेतल्या भाषणासारखं वाटलं.

गाडी लागली. अप्पा खिडकीशी बसले. गाडी हलताना त्यांनी बाहेर वाकून सांगितलं, "पोत्याला ऊन दाखवून ठिव. ओल धरली की बुरशी येतीय."

भुसा चांगला निघाला. केळीच्या खोडापेक्षा त्यातून बरीच जास्त साखर मिळाली आणि खमिराला ती मानवली. पुण्याला तपासणीला पाठवलेल्या नमुन्याचं उत्तर आलं: द्रव्य तेच होतं, झाडात असतं तेच, आणि मागच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. ऋतुजानंही एक खाल्ला. पट्टी वाळवून हुंगायची सवय तिला लागली होती, ती तिनं सोडून दिली. त्या वासाबरोबर आता तिला बाकावर बसलेले अप्पा दिसायचे.

एक दिवस अव्वाचा फोन आला. अव्वा फोनवर कधी जास्त बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. अप्पांनी नांदेडहून आल्या आल्या तिला सगळं सांगितलं होतं. भुसा, खमीर, चंदनाचा वास, झाडाला पुढं भाव राहणार नाही, सगळं.

"म्या म्हणलं, पोरीनं बरं केलं," अव्वा म्हणाली. "आता तरी ह्यो माणूस घरला येईल. आतरून टाकून ठिवलं. न्हाई आले."

ऋतुजा दुसऱ्याच दिवशी गावी निघाली. पुण्याहून आलेला कागद तिनं पर्समध्ये घेतला होता, पण तो दाखवून काय होणार हे तिचं तिलाच कळत नव्हतं. वाटेत तिनं सगळं मनाशी जुळवलं. वनखात्याची परवानगी काढू. उरलेली झाडं रीतसर तोडून देऊ. ज्याच्यासाठी राखायचं ते राहिलंच नाही तर राखणही संपली. अप्पांना समजावता येईल. ते हेकट नाहीत.

दिवस मावळायच्या आत ती अप्पांचा डबा घेऊन शेतात गेली. जुन्या गावठाणातले दगड अजून तसेच पसरलेले होते, त्यांच्यामधून लिंब आणि बोरी उगवलेल्या. तूर फुलात होती. अप्पा खोपीत नव्हते. ते मृत्युंजयच्या समाधीच्या ओट्याजवळ पटकुरावर बसले होते. तिला पाहून सरकले, जागा करून दिली.

डबा तसाच राहिला. ऋतुजानं एकदम बोलायला सुरुवात केली. परवानगीचं सांगितलं, तोडणीचं सांगितलं. अव्वाचं सांगितलं, की ती रोज अंथरूण घालते आणि सकाळी तसंच गुंडाळून ठेवते. शेवटी, इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं: हे सगळं शिक्षण, ही सगळी धडपड तुम्ही या झाडांपासून सुटावं म्हणून केली, अप्पा. सांगताना तिचा आवाज चढला होता.

अप्पांनी मधे अडवलं नाही. ती थांबल्यावर म्हणाले, "मी झाडं राखायलोय असं वाटलं व्हय तुला?"

ती त्यांच्याकडं वळली.

"मागच्या साली दोन नेली," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यातली. करवतीचा आवाज आला. मी हितंच बसलेला. त्येंनी मला बघितलं, मी त्येंला बघितलं. उठलो बी न्हाई. घेऊन गेले."

ऋतुजानं कोपऱ्याकडं पाहिलं. तुरीच्या वर जिथं दोन शेंडे दिसायला हवे होते तिथं आभाळ होतं. येताना ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"अव्वाला सांगितलं?"

"काय सांगू? ती म्हणली असती, मग तिथं कशाला जाता." अप्पांनी ओट्यावरचा पाचोळा हातानं बाजूला केला. "त्येला एकट्याला झोपायची सवय न्हाई गं. धा वर्साचा झाला तरी माझ्याच पांघरुणात. तू लातूरला गेलीस तवा तर लईच. त्या राती बी एकटाच व्हता."

एवढी वर्षं ती ज्याच्याशी भांडत होती ते झाड नव्हतंच. खमिराला तिनं चंदनाचा वास शिकवला होता, आणि तो खरा होता, पुण्याच्या यंत्रांनीही मान्य केला होता. अप्पांना इथून उठवायला तो काय उपयोगाचा होता? ती त्यांच्या खांद्याला टेकून बसली. लहानपणानंतर अशी कधी बसली नव्हती. अंधार पडायला लागला तसं त्यांनीच तिला उठवलं, अव्वा वाट बघत असेल म्हणाले.

घरी येऊन तिनं अव्वाला सगळं सांगितलं. दोन झाडांचंही. अव्वा चुलीपुढं बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पदर तोंडाशी धरला, पण रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, लाकडासाठी." मग चुलीतलं लाकूड पुढं सारत, "मला बी न्ह्यायचं व्हतं की त्येंनी."

मृत्युंजयला मातीआड केल्यापासून अव्वा त्या शेताकडं फिरकली नव्हती. खुरपणी, काढणी, सगळं मजुरांवर. त्या वाटेवरून जायची वेळ आली तर लांबून वळसा घालून जायची.

सकाळी ऋतुजा उठली तेव्हा भाकरी थापून झाल्या होत्या. अव्वानं टोपल्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे ठेवले, वर धडपा बांधला आणि चपला घातल्या. ऋतुजानं टोपलं घ्यायला हात पुढं केला तर तिनं दिलं नाही. दोघी निघाल्या. गावठाणाच्या दगडांपाशी आल्यावर अव्वा जरा थांबली, दम लागल्यासारखी. मग पुढं चालू लागली.

अप्पा विहिरीवर तोंड धूत होते. अव्वाला बांधावर बघून त्यांच्या हातातलं पाणी तसंच गळून गेलं. अव्वानं टोपलं लिंबाखाली ठेवलं, धडपा सोडला आणि तिघंही जेवायला बसली. अव्वा समाधीकडं पाठ करून बसली होती.

जेवता जेवता अप्पांनी ऋतुजाला विचारलं, "तुझं त्ये खमीर. त्येला रोज खायला घालावं लागतंय का?"

"रोज नाही, पण बघावं लागतं. सोडून दिलं तर मरतं."

"मग आता कोण हाय तिथं?"

आपल्याबरोबरची एक मुलगी आहे, वर्षाराणी नावाची, ती बघते, असं ऋतुजानं सांगितलं. अप्पांनी घास चावून गिळला.

"मग तू जा उद्या. दुसऱ्याच्या जिवावर ठिवू न्हाई." भाकरी मोडत म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू वाचंल त्येनं. हंगाम लागू दे. ताजा भुसा आणून देतो."

तिनं मान हलवली.

जेवण झालं. अव्वानं हात धुतले आणि पहिल्यांदाच मागं वळून पाहिलं. ओटा लहान होता. कडेनं हरळी माजली होती, वरपर्यंत चढलेली. अप्पा रोज पाचोळा काढत होते, पण हरळीला त्यांनी हात लावला नव्हता. ते बायकांचं काम, किंवा ती उपटली तर माती हलेल असं त्यांना वाटलं असेल.

"खुरपं कुठाय?" अव्वानं विचारलं.

अप्पांनी खोपीच्या पत्र्यात खोचलेलं खुरपं काढून आणलं आणि धारेवरून अंगठा फिरवून तिच्या हातात दिलं. अव्वानं पदर खोचला, ओट्याशी उकिडवी बसली आणि हरळी मुळापासून काढू लागली. उपटलेलं गवत डाव्या हाताला, सुटलेली माती पुन्हा बोटांनी दाबून जागच्या जागी. एक कड झाली की बसल्या बसल्या पुढं सरकायची. तिची पाठ उन्हात होती. अप्पा जरा वेळ उभे राहिले, मग तिच्या पाठीवर आपली सावली पडेल असे पुढं होऊन थांबले, आणि ती सरकेल तसे तेही एक-एक पाऊल सरकत राहिले.